क्रॅश लँडिंग झालेल्या जुन्या लढाऊ विमानाचं पुढे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातलं एखादं विमान शेतात किंवा रनवेवर पोटावर घसरलं की त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो आणि खाली तेच तेच प्रश्न येतात, संपलं का, परत उडेल का, कोण भरणार पैसे, आता भंगारात जाणार का. गेली बरीच वर्षं मी या विषयाच्या मागे आहे, वाचतोय, फोटो बघतोय, रिपोर्ट चाळतोय, त्यामुळे उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत ती परत येणार आहे. यातली बरीचशी विमानं आदळण्यातून वाचतात, त्यांचा घात नंतर होतो.

पोटावर उतरलं म्हणजे विमान संपलंच ना?

नाही. पोटावर उतरणं हा विमान वाचवायचाच एक मार्ग आहे. वेग कमी, नाक किंचित वर आणि जमीन बऱ्यापैकी सपाट असेल तर विमान काहीशे फूट घसरत जातं आणि थांबतं, पायलट कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उघडून स्वतःच्या पायांनी बाहेर येतो. खालचा पत्रा फाटतो, रेडिएटर चेपतो, प्रोपेलर वाकतो, फ्लॅप्सची वाट लागते. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. खर्च मोठा, वेळ भरपूर, पण होतं.

मग चाकं बाहेर काढून का नाही उतरवत? चाकं असताना पोटावर कशाला?

रनवे मिळाला तर चाकांवरच उतरवतात. पण इंजिन बंद पडलंय आणि खाली नांगरलेलं शेत, दलदल किंवा बर्फ आहे, अशा वेळी चाकंच वैरी होतात, ती रुततात आणि विमान नाकावरून पुढे पलटी खातं. एका इंजिनाच्या लढाऊ विमानात पायलटचं डोकं कॅनॉपीतच असतं, त्यामुळे उलटं पडलं की त्याची धडगत नसते.

दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही १९४२ मधली. ४ जून १९४२ ला अलास्काच्या अकुतान बेटावर तादायोशी कोगा या जपानी पायलटने त्याचं झिरो हे लढाऊ विमान उतरवलं, ऑइल लाइनला गोळी लागली होती आणि वरून ते हिरवं मैदान वाटत होतं म्हणून त्याने चाकं काढली. गवताखाली चिखल होता. विमान उलटलं, कोगाची मान मोडली आणि तो जागीच गेला, विमानाला मात्र फारसं काही झालं नाही. दुसरं उदाहरण त्याच वर्षी १५ जुलैचं, ग्रीनलंडच्या बर्फावर सहा अमेरिकन पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बर विमानांना उतरावं लागलं, हवा खराब आणि इंधन संपत आलेलं. पहिलं पी-३८ चाकांवर उतरलं आणि उलटं झालं. ते बघून बाकीच्यांनी चाकं आतच ठेवली आणि पोटावर उतरले. पंचवीसच्या पंचवीस माणसं वाचली, पहिल्या विमानाचा पायलटसुद्धा.

फोटोत फक्त प्रोपेलरचे पंखे वाकलेले दिसतात, बाकी विमान ठणठणीत आहे, मग दुरुस्तीला वर्षं का लागतात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर.

आधी प्रोपेलर. तो फिरत असताना जमिनीला लागला की बसलेला झटका शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून क्रँकशाफ्टमध्ये जातो. मर्लिन इंजिन घ्या, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात असतं ते, १२ सिलिंडर, २७ लिटर, एवढं वजनदार फिरतं यंत्र क्षणात अडवलं तर आत काय झालं ते बाहेरून कळतच नाही. त्यामुळे इंजिन कितीही चांगलं वाटलं तरी पूर्ण उघडावं लागतं, एकेक भाग सुटा करून तपासावा लागतो. ब्लेड कशी वाकली आहेत यावरून अंदाज येतो, टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतील तर इंजिन जोरात चालू असताना लागलंय, सगळी ब्लेड मागे दुमडली असतील तर ताकद कमी होती. बऱ्याच स्पिटफायरना लाकडी ब्लेड असतात, ती लागली की तुटून उडून जातात आणि त्यामुळे आतल्या शाफ्टला बसणारा मार थोडा कमी होतो. बघायला भयानक दिसतं, बुंधेच शिल्लक राहतात, पण इंजिनासाठी ते बरं.

दुसरं म्हणजे स्पार. पंखाच्या आतला मुख्य आडवा कणा. स्पिटफायरचा स्पार एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा असतो, मुळाशी जाड आणि टोकाकडे कमी होत जाणारा. तो किंचित जरी वाकला किंवा त्याच्या बोल्टची भोकं लांबट झाली तरी पंख उतरवायचा, जिगवर, म्हणजे मापाच्या पक्क्या चौकटीवर, चढवायचा आणि मोजत बसायचं.

वर्कशॉपमध्ये चिरा शोधायची एक साधी पद्धत आहे, ती एकदा बघाच. भाग घासूनपुसून लख्ख करतात, त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव फवारतात, थोडा वेळ तसंच ठेवतात, मग पुसून काढतात, अगदी कोरडं, काहीच दिसत नाही. मग वरून पांढरी पावडर मारतात आणि थांबतात. चीर असेल तर पांढऱ्यावर हळूहळू केसासारखी लाल रेघ उमटते. आधी टोकाला एक ठिपका, मग रेघ लांब होत जाते. ती रेघ उमटली की तो भाग गेला, मग तो ऐंशी वर्षं जुना असो आणि जगात त्याच्यासारखे दहाच उरलेले असोत.

आणि तिसरं म्हणजे पत्रा. पंखाच्या मागे फ्यूझलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, तिरक्या सुरकुत्या दिसल्या तर समजायचं की सांगाडा पिळला गेलाय. रिव्हेटच्या भोवती काळपट पुसट वर्तुळं दिसतात, म्हणजे तो रिव्हेट सैल होऊन हलतोय. अशा एका रांगेमुळे अख्खं पॅनल काढावं लागतं, पॅनल काढलं की आतली फ्रेम दिसते, फ्रेममध्ये जुना गंज दिसतो, आणि तीन महिन्यांचं काम तीन वर्षांवर जातं. मला यात चूक काही वाटत नाही. उघडलंच आहे तर नीट करावं.

अपघातानंतर पहिल्या तासांत काय करतात?

आधी माणसं. मग मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा) स्विच बंद, फ्यूएल कॉक बंद, बॅटरी सुटी, आणि टाकी फुटली असेल तर आसपास कोणी ठिणगी पाडणार नाही याची काळजी. फायर ब्रिगेडने फोम मारला असेल तर तो नंतर लवकर आणि भरपूर पाण्याने धुवायचा, नाहीतर तोच फोम ॲल्युमिनियम खातो.

नंतर उचलणं. इथे घाई होते आणि इथेच नासाडी होते. रनवे बंद असतो, बाकीची विमानं ताटकळलेली असतात, कोणीतरी म्हणतं लावा साखळी आणि ओढा बाजूला. घसरताना जेवढं नुकसान झालं नाही तेवढं ओढताना होतं. जुन्या विमानाला उचलायच्या ठरलेल्या जागा असतात, तिथेच रुंद पट्टे टाकून क्रेनने उचलायचं किंवा पंखाखाली एअरबॅग फुगवत हळूहळू वर घ्यायचं, मग हात घालून चाकं बाहेर काढून लॉक करायची आणि विमान स्वतःच्या पायांवर उभं करायचं. हे माहीत असलेला माणूस येईपर्यंत थांबावं, रनवे दोन तास जास्त बंद राहिला तरी चालेल.

चौकशी कोण करतं? विमान मालकाला लगेच मिळतं का?

लगेच नाही. ज्या देशात अपघात झाला तिथली तपास संस्था विमान ताब्यात घेते, ब्रिटनमध्ये एएआयबी, अमेरिकेत एनटीएसबी, फ्रान्समध्ये बीईए. पंचनामा होतो, फोटो, इंधनाचे नमुने, कंट्रोलच्या केबल, कॉकपिटमधल्या स्विचची स्थिती, सगळं. तपासाचा उद्देश दोष कोणाचा हे ठरवणं नसून परत असं होऊ नये हा असतो. काम झालं की विमान सोडतात. तोपर्यंत मालकानेसुद्धा एक नट फिरवायचा नाही.

विमा असतो का? विमा कंपनीने पैसे दिले की विमान कोणाचं?

अशा विमानांचा विमा बहुतेक वेळा आधीच ठरवलेल्या किमतीवर असतो, कारण बाजारभाव असा काही नसतोच. दुरुस्ती त्या किमतीच्या वर जाते असं ठरलं तर पूर्ण रक्कम मिळते आणि अवशेष कंपनीचे होतात. मग ती ते विकते. घेणारे नेहमीच असतात, कित्येकदा आधीचा मालकच परत घेतो.

आग लागली तर?

तर फार थोडं उरतं. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशाला वितळतं, आणि त्याच्या खूप आधी मिश्रधातूची ताकद जाते, म्हणजे पत्रा जागेवर दिसतो पण तो आता विमानाचा पत्रा राहिलेला नसतो.

१३ जून २०११ ला अमेरिकेत इलिनॉयमध्ये लिबर्टी बेल नावाचं बी-१७ उडाल्यावर थोड्याच वेळात त्याच्या पंखात आग लागली. पायलटने ओस्वेगोजवळच्या शेतात ते छान उतरवलं, चाकांवर, सातही जण बाहेर पडले. विमान जवळपास अखंड उभं होतं. पण शेत पावसाने इतकं चिखलाचं झालं होतं की बंब जवळ जाऊ शकले नाहीत, आणि लांबून बघत राहण्यापलीकडे कोणाच्या हातात काही नव्हतं. जमिनीवर उभं राहून ते जळून गेलं. ते फोटो मला अजूनही बघवत नाहीत.

युद्धात पडलेली आणि आता सापडलेली विमानं कोणाची? ज्याला सापडेल त्याची?

अजिबात नाही, आणि देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये १९८६ चा कायदा आहे, त्यानुसार पडलेल्या कुठल्याही लष्करी विमानाला संरक्षण मंत्रालयाच्या लायसन्सशिवाय हात लावता येत नाही. अमेरिकन नौदल त्यांच्या बुडालेल्या विमानांवरचा हक्क कधीच सोडत नाही, २००४ च्या कायद्याने तर ते अजून पक्कं झालंय. अमेरिकन हवाई दलाची भूमिका वेगळी आहे, १९ नोव्हेंबर १९६१ च्या आधी पडलेल्या विमानांवर त्यांनी पाणी सोडलंय. म्हणून ग्रीनलंडमधलं लष्कराचं पी-३८ खाजगी लोकांना काढता आलं, पण समुद्रातलं नौदलाचं विमान काढायला गेलात तर कोर्टाची पायरी चढावी लागेल. शिवाय ज्या जमिनीवर ते पडलंय त्या देशाचा कायदा असतो तो वेगळाच.

वाळू, बर्फ, गोडं पाणी, समुद्र, यात विमान कशात चांगलं टिकतं?

कोरडं वाळवंट सगळ्यात चांगलं, माणूस पोचेपर्यंत. मग थंड गोडं पाणी. समुद्र सगळ्यात वाईट.

समुद्रात मीठ धातूत मुरतं. पाण्याखाली असेपर्यंत गंज संथ असतो, बाहेर काढून वाळवलं की वेगाने वाढतो, वरून ठीक दिसतं आणि आतून पोखरत जातं. १० जून २०१३ ला इंग्लंडच्या केंटजवळच्या गुडविन सँड्समधून जर्मन बॉम्बर डॉर्नियर १७ वर काढलं, जगात उरलेलं ते एवढं एकच, तर त्याला सुकू न देता इंग्लंडमधल्याच कॉस्फर्डच्या म्युझियममध्ये प्लॅस्टिकच्या मोठ्या बोगद्यांत ठेवून सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी सतत फवारत ठेवलं, लिंबात असतं तेच ॲसिड. वर्षानुवर्षं.

स्पिटफायरचं एक वेगळंच दुखणं आहे, त्यात काही ठिकाणी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे रिव्हेट होते आणि खारं पाणी लागलं की ते आधी विरघळतात, म्हणजे पत्रा राहतो पण त्याला धरून ठेवणारं काही राहत नाही.

बर्फाखालून विमान काढलं होतं ते खरं आहे का?

हो, वर सांगितलेल्या सहा पी-३८ पैकी एक. लोकांना वाटत होतं विमानं वरच असतील, फार तर बर्फ झटकायचा आणि इंजिन सुरू करायचं. शोध लागला तेव्हा ती २६८ फूट खाली होती. तांब्याच्या नळ्यांमधून गरम पाणी फिरवणारं एक यंत्र बर्फात सोडून त्यांनी सरळ खाली विहीर वितळवली, तळाशी विमानाभोवती गरम पाण्याच्या फवाऱ्याने गुहा केली, आणि विमान तिथेच सुटं करून एकेक भाग वर आणला. १९९२ मध्ये शेवटचा भाग वर आला. सोबतचं बी-१७ बर्फाच्या दाबाने चिरडलेलं सापडलं, पी-३८ आकाराने छोटं आणि मजबूत म्हणून टिकलं, तरी अपेक्षेपेक्षा खूप मोडलेलं होतं. केंटकीमधल्या मिडल्सबरो इथे दहा वर्षं काम चाललं आणि २६ ऑक्टोबर २००२ ला ते परत उडालं. ग्लेशियर गर्ल नाव ठेवलं.

सगळं नीट होत आलेलं असताना हातचं गेलं असं कधी झालंय?

झालंय, आणि या विषयातली माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट तीच आहे. की बर्ड नावाचं बी-२९, अमेरिकन बॉम्बर. २१ फेब्रुवारी १९४७ ला वाट चुकून, इंधन संपत आलं म्हणून ग्रीनलंडच्या उत्तरेला गोठलेल्या तलावावर ते पोटावर उतरलं. अकराही जणांची सुटका झाली, विमान तिथेच राहिलं, जवळपास धडधाकट. १९९४ मध्ये एक टीम तिथे गेली, चार नवी इंजिनं, प्रोपेलर, टायर, सगळं विमानाने नेऊन त्या थंडीत उघड्यावर बसवलं. त्यात त्यांचा मुख्य मेकॅनिक आजारी पडून वारला. पुढच्या वर्षी ते परत गेले, चारही इंजिनं सुरू झाली, २१ मे १९९५ ला विमान स्वतःच्या ताकदीने बर्फावर चालायला लागलं. शेपटीकडच्या छोट्या सहायक इंजिनाला तात्पुरती टाकी जोडलेली होती, खडबडीत बर्फावर धक्के बसून त्यातून पेट्रोल गळलं आणि पेटलं. होत्याचं नव्हतं झालं. ४८ वर्षं आर्क्टिकमध्ये तगलेलं विमान उड्डाणाच्या उंबरठ्यावर जळालं. अवशेष अजून तिथेच आहेत.

अकुतानचं झिरोही असंच गेलं. अमेरिकेने ते उचलून नेऊन नीट केलं, सप्टेंबर १९४२ मध्ये उडवलं, आणि त्यातून दोन मोठ्या गोष्टी कळल्या, नाक झपकन खाली केलं की इंजिन गचके खातं आणि जास्त वेगात डावीउजवीकडे वळायला ते जड होतं. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये सॅन डिएगोला ते जमिनीवर हळूहळू चालत (टॅक्सी करत) असताना मागून दुसरं विमान त्यावर चढलं आणि प्रोपेलरने त्याचे तुकडे केले.

सगळं नवीन बनवलं तर ते तेच विमान कसं?

यावर लोक हातघाईवर येतात. कायद्याने ओळख ठरते ती सिरियल नंबर, कागदपत्रांची साखळी आणि मूळ विमानाचा काहीतरी खरा भाग यावर, त्यात कॉकपिटमधली छोटी डेटा प्लेट फार मोलाची. फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर मे १९४० मध्ये उतरलेली दोन स्पिटफायर बघा. पी९३७४ हे २४ मेला वाळूवर उतरलं, वाळूने गिळलं, १९८० मध्ये वर दिसलं, २०११ मध्ये उडालं, आणि जुलै २०१५ मध्ये लिलावात सुमारे ३१ लाख पौंडांना गेलं. एन३२०० हे २६ मेला उतरलं, १९८६ मध्ये काढलं, २०१४ मध्ये उडालं, आता इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या म्युझियमचं आहे. दोन्हींत मूळ धातू थोडाच आहे.

माझं मत, मालकाने किती जुनं किती नवं हे उघड सांगितलं तर काही बिघडत नाही. लपवलं तर ती फसवणूक आहे.

लाकडी विमानांचं काय?

मॉस्किटो हे ब्रिटिश विमान प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचं होतं, त्याला ओल लागली की गोंद सुटतो, थर वेगळे होतात, आणि आपटलं की सरळ करायला काही राहतच नाही. २१ जुलै १९९६ ला ब्रिटनमध्ये बार्टनला उडतं राहिलेलं शेवटचं मॉस्किटो पडलं, दोघेही गेले. त्यानंतर २०१२ पर्यंत जगात एकही मॉस्किटो उडत नव्हतं, न्यूझीलंडमध्ये लाकडाचा सगळा सांगाडा साच्यांपासून नव्याने बनवला तेव्हा कुठे परत उडालं.

प्रत्येक विमान परत उडवलंच पाहिजे का?

नाही. आणि हे मी उडणाऱ्या विमानांवर जीव असूनही म्हणतोय. नॉर्वेच्या होकलिंगेन तलावावर २७ एप्रिल १९४२ च्या रात्री टिरपिट्झ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यानंतर एक हॅलिफॅक्स हे ब्रिटिश बॉम्बर गोठलेल्या पाण्यावर पोटावर उतरलं, माणसं सगळी बाहेर पडली, बर्फ फुटला आणि विमान बुडालं. १९७३ मध्ये वर काढलं आणि लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये ते तसंच ठेवलंय, गंजलेलं, फाटलेलं, वाकलेल्या ब्लेडसह. चकचकीत रंगवलेल्या विमानासमोर माणूस फोटो काढतो आणि पुढे जातो. यासमोर थांबतो.

याच्या उलट इजिप्तमध्ये सापडलेलं किटीहॉक हे लढाऊ विमान. २८ जून १९४२ ला सार्जंट डेनिस कॉपिंग सहारात उतरला आणि वाचला, पॅराशूटचा आडोसा केला, मग चालत निघाला असणार, त्याचा पत्ता कधीच लागला नाही. २०१२ मध्ये विमान सापडलं तेव्हा डायलच्या काचासुद्धा शाबूत होत्या, वाळूने रंग घासून पत्रा चांदीसारखा झाला होता. काही आठवड्यांतच लोकांनी वस्तू काढून न्यायला सुरुवात केली. पुढे एल अलामेनच्या म्युझियममध्ये नेऊन त्यावर जाडजूड नवा रंग फासला, सत्तर वर्षांच्या वाऱ्याच्या खुणा गेल्या. ते नुकसान कुठल्याही वर्कशॉपमध्ये भरून येणार नाही.

मला कुठे जुन्या विमानाचा तुकडा दिसला तर?

उचलू नका. फोटो काढा, जागेचं लोकेशन नोंदवा, तुकड्यावर नंबर किंवा शिक्का असेल तर तो जवळून टिपा, आणि स्थानिक पोलीस किंवा म्युझियमला कळवा. आत जिवंत दारूगोळा असू शकतो, इतक्या वर्षांनंतरही फुटू शकतो. आणि त्याच मातीत पायलटही असू शकतो, ज्याच्या घरच्यांना तो बेपत्ता एवढंच कळवलं गेलंय. त्या तुकड्यावरच्या नंबरावरूनच कदाचित त्याचं नाव लागेल, आणि तुकडा जागचा हलला तर तेही लागणार नाही.